उंट कपाटाखाली

दार्खानमध्ये आज उणे एकतीस.
चौथ्या मजल्यावर, रेडिएटरला पाठ लावून
गोम्बोसुरेन बसलाय. वय एकसष्ट.
आयुष्यभर क्रेन चालवली,
आता गुडघे चालत नाहीत.

शेजारची दुल्मा रात्रपाळीवरून येते ती
कोटही न काढता सतरंजीवर मांडी घालते.
ओंजळीतून सांडतात मेंढीच्या घोट्यांची हाडं :
जे ज्या कुशीवर पडेल ते त्याचं नाव,
घोडा, मेंढी, उंट, बकरी,
तेवढ्यापुरतं.

घोड्याला घोडाच टिपायचा, एका टिचकीत.
मध्ये उंटाला धक्का लागला की डाव गेला.

"लागला."
"वारा होता."
"खिडकीला चिकटपट्टी लावलीय रे, म्हाताऱ्या!"

आणि ती हसते, नर्सचं हसू नव्हे,
आठवीतल्या, दात पुढे असलेल्या मुलीचं.

पैज नाही. एकदाच लावली होती, सिगारेटच्या पाकिटाची.
तेव्हा दोघंही अगदी नियमानं खेळले,
कोणी रडीचा डाव खेळलं नाही,
आणि अख्खी संध्याकाळ वाया गेली.

जिन्यातून शिक्षक ओरडून विचारतो, कोण जिंकलं?
दोघं एकमेकांकडे बघतात.

थांबा हो.
एक उंट कपाटाखाली गेलाय.
आधी काठी आणा.