अकरावा प्रश्न

मंगळवारी मी लापायनेकडे जाते.
चौऱ्याऐंशी पायऱ्या.
चाळिसावीवर एक खिडकी आहे, तिथे मी थांबते.
कोणी भेटलंच तर म्हणते, देखावा बघतेय.
देखावा म्हणजे समोरचं छप्पर
आणि छपरावर पडलेला एक मोजा,
मागच्या हिवाळ्यापासून.

पिशवीत संस्थेचे कागद,
अक्रोडाच्या केकचा तुकडा,
चष्मे दोन: एक वाचायचा,
दुसरा, तो पहिला शोधायचा.

इद्रियाची पाऱ्याची खाण बंद झाली,
पारा मात्र लापायनेच्या हातांत राहिला.
तो गप्प असतो तेव्हाही
त्याचा कप बशीशी बोलत असतो.
म्हणून मी कॉफी अर्धाच कप ओतते,
आणि आम्ही दोघं असं वागतो
की या घरात कॉफी अर्धाच कप पितात.

पहिले दहा प्रश्न पटकन होतात.
एकटे राहता का? हो.
जेवणाचं काय? डबा येतो, मीठ येत नाही.
सहा महिन्यांत कधी पडलात का?
"पडलो नाही. बसलो.
जरा घाईत बसलो."
मी 'नाही'वर खूण करते, मग खोडते.

अकरावा:
आपल्या मते आपली तब्येत कशी आहे?
उत्तम, चांगली, बरी, यथातथा, वाईट.
पाच चौकोन, खुराड्याच्या दारांसारखे.

"कोणाच्या मानाने?" तो विचारतो.
त्याच्या पाळीत अकरा जण होते.
त्यांच्या मानाने उत्तम,
ते सगळे वर टेकडीवर, चर्चच्या मागे.
मुलीच्या मानाने चांगली,
तिची पाठ धरते, ती त्रिएस्तला, फोनवरही कण्हते.
आणि त्या वेंचेस्लावच्या मानाने,
जो बटाट्याचं पोतं खांद्यावर टाकून
याच जिन्यावरून शीळ घालत...
वाक्य तिथेच राहतं.
बाहेर कोणीतरी गालिचा झोडपतंय.
"तू लिही," तो म्हणतो, "अक्षर तुझं बरं आहे."

मग: "आणि तुझं काय, फिलोमेना?"
माझं संस्थेला नको असतं, मी म्हणते.
"मला हवंय."

काय सांगू?
कंबरेत धातू आहे, विमानतळावर ओरडतो.
साखर तेवढीच, रक्तदाब तेवढाच,
गुडघा तर तीन वर्षांत आणखी बिघडला.
पण तीन वर्षांपूर्वी, पोस्टातली नोकरी संपल्यावर,
हाच कागद घेऊन एक बाई माझ्या दारात आली होती
आणि मी 'वाईट'वर एवढी जोरात रेघ मारली
की ती खालच्या पानावर उमटली.
आज विचारलं तर?
मंगळवारी विचारलं तर एक.
बुधवारी विचारू नका.

संस्थेतला तरुण मुलगा म्हणतो,
हे गणित अजून सुटलेलं नाही:
माणसं जिने चढतात म्हणून बरी असतात
की बरी असतात म्हणून जिने चढतात.
लापायने केक चावतो, विचार करतो,
कवळी जागेवर बसवतो.
"त्याला सांग, मी एकोणीस महिने उतरलो नाहीये,
माझं गणित करून दाखव म्हणावं."
यावर माझ्याकडे उत्तर नाही.
जे आहे ते बशीतल्या चुऱ्याएवढं,
मी बोटाने टिपत बसते.

जादा कागद माझ्याकडे असतोच.
तो पेन मागतो.
दोन्ही हातांनी धरतो, जसा कुदळीचा दांडा धरत असेल,
आणि माझ्या नावाखाली, अकराव्यासमोर,
खूण करायला निघतो.
रेघ 'चांगली'मध्ये सुरू होते,
थरथरते, भिंत ओलांडते,
'बरी'मधून जाते,
'यथातथा'च्या कडेला थांबते.
"कागद वाया गेला," तो म्हणतो.
मी घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवते.
त्याच्या कागदावरचा अकरावा कोराच.
संस्थेला काय सांगायचं, बघू.

उतरताना चाळिसावीवर थांबायचं काही कारण नसतं.
थांबले.
मोजा आहे अजून. राखाडी. टाचेला रफू केलेला.