तळ

सुभद्रा कुबल म्हणाली, इंजिन देवमाणूस आसा,
पण तळ नाय. तळ समुद्रान खाल्ल्यान.
आणि रिवर्स पडणा नाय.
पाठी जावचा कशाक?
असं म्हणून तिने अठ्ठावीस हजार ओल्या हातांनी मोजले.
वरच्या नोटेला एक खवला चिकटला.

अठ्ठ्याण्णवची झेन. रंग कधीतरी निळा.
बारा वर्षं देवगड बंदरातून जामसंड्याला
बर्फ, बांगडा, सुरमई आणि सुभद्रा.
मागची सीट तिने काढून खळ्यात ठेवलेली,
आल्यागेल्याला बसायला.
ती वेगळी मागून घ्यावी लागली.
पाहुणे उठेपर्यंत थांबलो.

टेंपोला दोर बांधून घरी आणली तेव्हा
खवणेकर गडग्यापलीकडून म्हणाले,
एवढ्यात तीन शेळ्या आल्या असत्या.
आल्या असत्या.
पण शेळी उघडून परत जोडता येत नाही.

रुचिता गाडीखाली. आयटीआयच्या वर्गात एकटी मुलगी,
सुट्टीला आलेली. मला तिचे फक्त पाय दिसतात,
आणि आवाज येतो : आई, चौदाचा दे.
मी देते. बाराचा निघतो. परत येतो.
मीठ माझ्या हाताला कळतं,
पीठ भिजलं की बोटांना कळतं,
पान्याला अंदाज चालत नाही.
चौथ्या दिवशी मी न वाचता तेराचा दिला
तर खालून म्हणाली, जमतंय हं.
तिच्या पहिल्या भाकरीला मी हेच म्हटलं होतं,
असंच, तिकडे न बघता.

सीटखाली सापडलं :
लिलावाची चिठ्ठी, शाई उडालेली.
सुक्या सुंगटांची मूठभर टरफलं.
कुणाची तरी एक कुडी, बहुतेक खोटी.
ती मी डबीत ठेवली, पुढे द्यायला.

चटई उचलली तर अंगण दिसलं.
जांभा दिसला, मुंग्यांची रांग दिसली,
रांग ब्रेकपाशी वळत होती.
याकूब मुल्लाने वेल्डिंगची कांडी टेकवली,
भोक मोठं झालं. परत टेकवली, आणखी मोठं.
मग तो उठला आणि बंदरावरून
फायबरची मॅट घेऊन आला, रेझिनचा डबा,
होडीला लावतो ते.
खाली दोन लोखंडी पट्ट्या, वर तीन थर.
हार्डनर जरा जास्त पडला
तर डबा हातात तापला चहासारखा.
संध्याकाळी बोटाने वाजवून म्हणाला,
आता पाण्यात सोडलीत तरी तरंगेल. सोडू नका.

रिवर्सचा बुश झिजून बांगडीएवढा झालेला.
नवा कोल्हापुरात, म्हणाले, आठ दिवस लागतील.
रुचिताने माझा मासे कापायचा नायलॉनचा पाट
करवतीने कोपऱ्यात कापला, कानसीने गोल केला.
पाट आता तिरका आहे. कापते अजून त्यावरच.

वासाचं काय काय केलं :
सोडा, चिंचेचा कोळ, कोळशाची टोपली,
आठ उन्हं दारं उघडी टाकून.
गेला. गेल्यासारखा वाटला.

रविवारी तिने स्टार्टर मारला.
खोकली. गप्प.
चोक ओढला. खोकली, खोकत राहिली,
आणि खवणेकरांचा कुत्रा
भुंकायचं सोडून ऐकू लागला.

तिठ्यावर सुभद्रा उभी होती, पाटी घेऊन.
तिने हात केला, आपल्याच गाडीला करावा तसा.
आत येण्याआधी पायाने तळ ठोकून पाहिला,
होडीत चढताना ठोकतात तसा,
मग बसली. पाटी मांडीवर.
काच माझ्याने वर जाईना.
हँडलान नाय गो, तळव्यान ढकल, ती म्हणाली,
आणि ढकललीन.
पाच मिनिटांत आठ उन्हांचा सोडा वाया.

बाजाराशी मी मुद्दाम थोडी पुढे गेले,
आणि रिवर्स टाकला.
पडला. वीसेक फूट मागे आले, तिच्या जागेपर्यंत,
सावकाश, मान वळवून.

ती त्यावर काही बोलली नाही.
उतरली. पाटी डोक्यावर घेतली.
मग आठवल्यासारखं करून दोन बांगडे
डॅशबोर्डवर ठेवले,
खाली कागद न घालता.