बाहेरचा पेला

आपल्या दाराशी एक खिळा आहे, फेतिन्या,
त्यावर बाहेरच्यांचा पेला टांगलेला असतो.
पोस्टमनचा, डिझेलवाल्याचा,
एकदा वाट चुकून आलेल्या
पक्षी बघत हिंडणाऱ्या जर्मनाचा.
निळा, पत्र्याचा, काठाचा टवका उडालेला.
बापजाद्यांनी छळ सोसला, दाढ्या राखल्या,
बर्फ तुडवत डॅन्यूबच्या या दलदलीपर्यंत आले
ते दोन बोटांनी क्रूस करता यावा म्हणून,
आणि ताट बाटू नये म्हणून.
हे मी दर रविवारी सांगतो. पाठ आहे मला.

उलिता गुरुवारच्या बोटीने आली,
तुरिनहून, सहा वर्षांनी,
कापलेले केस रुमालाखाली नीट झाकून.
मी उंबऱ्यातच उभा राहिलो.
नवरा आपल्यातला नाही,
लग्न आपल्या प्रार्थनाघरात नाही,
तेव्हा ताटाला ताट लागणार नाही.
पत्रात मीच लिहिलं होतं तसं,
सुवाच्य अक्षरात, खाली सही करून.

ती काही बोलली नाही.
खिळ्यावरचा पेला स्वतःच काढून घेतला,
जणू त्यावर तिचं नाव घातलेलं होतं.

तू कार्पचा रस्सा वाढलास.
ती दाराजवळच्या स्टुलावर, आपण मेजाशी,
मध्ये साडेतीन पावलं.
प्रार्थना म्हणता म्हणता मोजली मी.
तेही पापच.

मग तू उठलीस.
वाटलं, मीठ आणायला.
तू तिच्या हातातून पेला घेतलास,
तिचं उष्टं पाणी घटाघटा प्यालीस,
तोंड ॲप्रनला पुसलंस
आणि म्हणालीस, "आता मीही बाहेरची.
माझं ताट तिकडेच घेते."

नियम मोडलास म्हणावं, तर
माझ्याहून कडक पाळलास.
चाळीस दिवस वेगळी पंगत, रोज शंभर दंडवतं.
प्रायश्चित्त सांगायचं काम गावात माझंच.
सांगितलं.
तू मान हलवलीस,
बाजाराची यादी ऐकताना हलवतेस तशी.
आतून मी स्तोत्रं वाचत होतो,
आणि दाराशी तुम्ही दोघी कशाला तरी हसत होता,
ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

उलिता मंगळवारी गेली.
तुझे चाळीस दिवस परवा संपले.
"ये आता मेजाशी," म्हणालो.
"कशाला?" म्हणालीस, "इथून बोट दिसते."

काल रात्री उठलो.
जपमाळ हातात, पाठ तोंडात, पाय स्वयंपाकघरात.
पेला स्टुलावर होता, तळाशी घोटभर पाणी.
असा पेला घरधन्याने विसळावा की नाही,
दिवा लावून पोथ्यांत शोधलं.
विहिरीत उंदीर पडला तर काय,
कुत्र्याने मडकं चाटलं तर काय,
सगळं सापडलं.
हे नाही.

विसळला.
मग ओला हात तसाच धरून
बराच वेळ उभा होतो मी,
पुसायचा कुठल्या फडक्याला,
आतल्या की बाहेरच्या,
कळेना.