कानामागची बट

म्हापशात, बाजारामागच्या गल्लीत,
दुसऱ्या माळ्यावर माझं पार्लर.
खालच्या दुकानातल्या चोरिसाचा वास जिन्याने वर चढतो,
माझ्या क्रीमचा, कुजक्या अंड्यासारखा, खाली उतरतो.
मधल्या पायरीवर दोघांची गाठ पडते.
तिथे सगळे नाक धरतात.
तू कधीच धरलं नाहीस.

सतरा वर्षं मी लोकांचे केस सरळ करते आहे.
लग्न ठरलेल्या मुली, बँकेतल्या बाया,
आसगावला घर घेतलेली ती दिल्लीची.
हातमोजे, कंगवा, वीस मिनिटं, धुणं, इस्त्री.
स्कूटरचे हप्ते त्यातूनच फिटले,
तुझ्या अकरावीच्या क्लासचे पैसेही.

आणि काल शटर अर्धं ओढल्यावर
तू त्याच खुर्चीत येऊन बसलीस,
दांडा दाबून उगीच खाली-वर होत राहिलीस
आणि आरशातल्या मला म्हणालीस,
"जत्रेआधी माझे कर."

मी टॉवेलांच्या घड्या घालत होते.
घातलेल्या मोडून पुन्हा घातल्या.

वर्गात तुला सोडण म्हणतात, नारळावरून ओरबाडलेलं.
हे तू नाही सांगितलंस,
शेजारच्या प्रज्योतीने सांगितलं, इडल्या देता देता.

तुझ्या बाबाला विचारलं.
गुरुदासने टकलावरून हात फिरवला:
"केस माझेच, पण पुरावा आता तिच्याकडे."
जेवताना मात्र आपणहून बोलला,
"शाळेत माझ्या केसांत पोरं पेन्सिली खोचायची.
घरी जाईपर्यंत मला कळायचं नाही."
हसला.
मग कढीत भात कालवत राहिला बराच वेळ.

मला आठवलं ते वेगळंच.
तू सहा वर्षांची, बोडगेश्वराच्या जत्रेत,
डोक्यात अबोलीची फाती, एकही पिन नाही,
पाळण्यात बसून आलीस तरी फूल हललं नव्हतं.
माझ्या सरळ केसांत चार पिना,
आणि निम्मी अबोली शेतातल्या वाटेवर.
पण हे तुला कसं सांगू?
फुलं टिकतात म्हणून केस ठेव,
असं कुणी सोळा वर्षांच्या मुलीला सांगतं का?

क्रीमने डोकं भाजतं, सांगितलं. तुला माहीत होतं.
मुळाशी पुन्हा कुरळेच येतात, सांगितलं. तेही.
मग तू म्हणालीस, अगदी हळू,
"आई, तूच म्हणतेस ना, खराब केस."

कधी?

"सगळ्यांना. खुर्चीत बसल्या बसल्या.
‘फार खराब आहेत हो तुमचे, पण होतील नीट.’"

त्या कोपऱ्यात, वाफेच्या यंत्राशेजारी,
प्लॅस्टिकच्या स्टुलावर तू पाढे लिहायचीस.
बे एके बे, खराब,
बे दुणे चार, नीट.
मला वाटायचं, तू पाढे पाठ करते आहेस.

आरशात पाहून ताठ बसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.
त्यांचा आनंद खोटा नसतो.
तेवढ्यासाठीच तर मी जिना चढते.
मग तुलाच नाही कशी म्हणू?
आणि हो म्हणाले, तर तो हात कुणाचा असेल,
आईचा, की त्या शब्दाचा?

"केस म्हजे," तू म्हणालीस.
तुझेच आहेत.

शेवटी नव्या गिऱ्हाइकाचं करते तेच केलं:
कानामागची एक बट घेतली, चाचणीपुरती.
हातमोजे घातले. वीस मिनिटं
दोघी घड्याळाकडे बघत बसलो, न बोलता.
धुतली, वाळवली, इस्त्री फिरवली.

आता तुझ्या त्या सगळ्या रानात
एकच बट सरळ उभी लोंबते,
परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखी.
तू ती बोटाला गुंडाळतेस, सोडतेस.
ती उलगडते.
पुन्हा गुंडाळतेस.

वहीत शनिवारी चारला तुझं नाव लिहिलं आहे.
पेन्सिलीने.
खोडरबर तुझ्या दप्तरात आहे.