शुक्रवार, फहाहील

सकाळी साडेपाचला जाग येते, सुट्टी असूनही.
सुट्टी आहे म्हणूनच.
डोळे मिटून मोजत पडतो:
निवृत्तीला नऊ वर्षं, फ्लॅटचे हप्ते एकोणचाळीस,
उरलेल्या दाढा सहा.
बेरीज करत नाही. हिशेबनीस आहे, मूर्ख नाही.

सात वाजता चिपळूणहून फोन.
बायको मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून ठेवते.
मला दिसतो पंखा, कॅलेंडरची खालची कड,
अधूनमधून तिचं कोपर.
"जेवलास का?" सकाळी सातला विचारते.
"जेवलो."
सोळा वर्षांचा संसार या एका खोट्यावर नीट उभा आहे.
मुलगी मागून जाता जाता "हं" म्हणते.
परवा चुकून "हो" म्हणाली,
तर दिवसभर मला व्हाउचर सुचेनात.

वरच्या मजल्यावर पोलंडचा एक माणूस राहतो.
रिफायनरीत वेल्डिंग तपासतो. नाव झ्बिग्न्येव.
एवढी जोडाक्षरं, मधे श्वास घ्यायला जागा नाही,
पण देवनागरीत लिहिता येतं,
तेवढाच आमचा शेजार.
दर शुक्रवारी तो एकच सिनेमा लावतो.
छतातून ऐकू येतं, कुणी पुरुष ओरडतो, पाणी खळबळतं,
मग झ्बिग्न्येव हसतो. एकटाच. खोकला लागेपर्यंत.

अकरा महिने ऐकलं.
बाराव्या महिन्यात इस्त्रीचा शर्ट घालून
भांडायला गेलो.

दार उघडलं ते बनियनवर.
भांडण मी इंग्रजीत पाठ केलं होतं,
पहिल्याच वाक्यात क्रियापद घसरलं.
तो म्हणाला, "ये खेरांब, आता मासा येईल."
माझं नाव हेरंब. पण आला होता आवाज प्रेमानं.

सिनेमात एक पन्नाशीचा माणूस,
दात घासताना शिव्या देणारा.
नाताळच्या जेवणासाठी जिवंत मासा आणतो,
टबात सोडतो, आणि त्याला मारवत नाही.
नाताळ जातो. मार्च येतो.
अंघोळ बंद, माशाशी बोलणं सुरू:
साहेबाबद्दल, पोटातल्या वाताबद्दल,
आईनं एकदा विनाकारण दिलेल्या थपडेबद्दल.
खाली भाषांतराची अक्षरं नव्हती.
मी विचारलं, "आत्ता काय म्हणाला?"
झ्बिग्न्येवनं बराच वेळ विचार केला.
"म्हणाला, काही नाही."
आम्ही दोघं हसलो.
मी थांबलो, तो थांबेना,
मग कळलं, तो हसत नाहीये.
मी एसीच्या आकड्याकडे बघितलं.
"चोवीस," म्हणालो, "चांगलं असतं चोवीस."

पुढच्या शुक्रवारी मासळीबाजारात गेलो.
जिवंत मासा मागितला.
विक्रेता म्हणाला, "भाई, खायचाय ना?"
एवढा अवघड प्रश्न वर्षभरात कुणी विचारला नव्हता.
एक हामूर आणला, मेलेला,
पण डोळा अजून ओला.
टबात ठेवून थंड नळ सोडला.
ऑगस्टात इथल्या थंड नळाला चहाचं पाणी येतं,
गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात.
वीस वर्षं माहीत आहे मला हे.
विसरलो.

स्टूल ओढून बसलो. आधी हवापाणी,
मग एकदम मोठ्यानं, मराठीत, शिव्यांसकट,
बिगरीत घातलं तिथपासूनचं सगळं.
मासा ऐकता ऐकता पांढरा पडत गेला.
घरभर कालवणाचा वास.
भूक लागली. भूक लागल्याची लाज वाटली.
त्या लाजेचं हसू आलं,
ते थांबेना, खोकला लागला.

वरून ठक्. ठक् ठक्.
फरशी पुसायच्या दांड्यानं ठोकतोय.
मग शांत. मग जिन्यात चपला.
इस्त्रीचा शर्ट घालून येतोय की बनियनवर,
एवढंच आता बघायचं.
मी घाईघाईत
कोकमं भिजत घातली.