बाकी तीन

पट अकरा. आज हजर नऊ.
रोझलिन आजोळी फेस्ताला गेली आहे,
आणि सारंगांचा मोरेश्वर
बापाबरोबर जाळ्यात अडकलेले खेकडे सोडवत बसलाय.
येताना मी त्याला पाहिलं, त्यानेही मला पाहिलं,
आणि पाहिलं नाही असं
दोघांनी परस्पर ठरवून टाकलं.

परिपाठ. प्रतिज्ञा. दिनविशेष.
तारीख लिहिताना खडू मऊ लागतो,
इथली हवा त्यालाही खारवते.
जिंतूरच्या शाळेत तो फळ्यावर नुसता टणटण वाजायचा.

पहिलीची दोघं कोपऱ्यात
ताटातल्या ओल्या वाळूत बोटाने 'ळ' गिरवतायत.
तक्त्यावर ळ कमळाचा आहे.
इरफान मान वाकडी करून बघतो, म्हणतो,
बाई, ह्ये तर दोन गळ, पाठीक पाठ लावून.
मी तक्त्याकडे पाहिलं, मग ताटाकडे.
आजपासून ळ गळाचा.

दुसरी आठळ्या मोजते.
दहा-दहाचे ढीग, दहा ढिगांचं शतक.
काल शंभर होत्या, आज अठ्ठ्याण्णव भरल्या.
कुणाच्या चुलीत गेल्या दोन,
चेहरे बघून कळतं;
मी विचारत नाही.

तिसरी-चौथीला भागाकार.
पुस्तकात सफरचंदं आहेत. मी लिहिते:
तेवीस बांगडे. चार माणसं. सारखे वाटे घाला.
पाट्या वर होतात एकामागून एक,
पाच, बाकी तीन. पाच, बाकी तीन.
एक पाच, बाकी आठ, तिला परत बसवलं.

गौतमी कुबल मात्र अजून लिहितेय,
पेन्सिल वेणीत खोचते, काढते, पुन्हा खोचते.
तिची आई जेटीवर पाटी मांडून बसते,
हिला पाढ्यांच्या आधी वाटे घालता येत होते.
तिच्या पाटीवर: पाच पाच पाच पाच.
बाकी, शून्य.

गौतमी, तीन उरले ना गं?

"उरतत कशे, बाई?
एक, होडी ओढूक हात लावल्यान तेका.
एक शेजारच्या म्हातारेक.
आणि एक मांजराक. ता सकाळपासून बसलेला असता."

वर्ग पेटला.
मांजराक अख्खो बांगडो? कित्याक?
डोकी घालायची!
पहिलीतून इरफान ओरडला, ळ अर्धा टाकून.
दुसरीचे ढीग मोडले, आठळ्या बाकाखाली गडगडल्या.
म्हातारीला दात आहेत का, इथवर चर्चा गेली,
आणि मी, हातात छडीसारखी धरलेली मीटरपट्टी घेऊन,
गप्प उभी.

बावीस वर्षं शिकवते आहे.
भाज्य, भाजक, भागाकार, बाकी.
बाकी भाजकापेक्षा लहान हवी,
एवढं सांगितलं की तास संपायचा.
उजवीकडे लिहायची, चौकट करायची, पुढचं गणित.
ती कुणाची, हे ना मला कुणी विचारलं
ना मी कुणाला.

शुक्रवारी केंद्रप्रमुख येतील, वह्या चाळतील.
लाल पेन शून्यावर टेकवलं,
शाईचा एक ठिपका झाला, तो पसरत गेला.
बरोबर लिहावं तर पुस्तक चुकतं,
चूक लिहावं तर ती म्हातारी उपाशी.
मी पेनाला टोपण घातलं.

दुपारी खिचडीच्या वासाला मोरेश्वर आलाच,
मनगटापर्यंत खवले, केसात वाळू.
हजेरीत त्याच्या नावापुढची टिंबं मी खोडली.
गौतमीने त्याचं ताट आधीच मांडून ठेवलं होतं,
स्वतःच्या शेजारी.

फळ्याच्या कोपऱ्यात उद्याचं गणित:
सत्तेचाळीस कोळंब्या,
पुढे जागा मोकळी.
किती जण धरायचे
ते अजून गौतमीला विचारायचं आहे.