वायपरची मोटर

या टोकापासून त्या टोकापर्यंत
टेबलाचं चाक एकशे साठ वेळा फिरवावं लागतं.
मोजलं ते उजव्या खांद्यामुळे.
बर्नीच्या कागद गिरणीत तीस वर्षं रीळं ढकलून
तो आता दार लोटतानासुद्धा
आधी मला विचारून घेतो.

शेडमधल्या मिलिंग मशीनला म्हणून मोटर बसवायची ठरवली.
विकत मिळते.
किंमत वाचली
आणि कॅटलॉग किटलीखाली ठेवला.

ग्वेंडाने कुंपणावरून दिली, क्लॅरीच्या होल्डनची.
गाडी भंगारात जायच्या आदल्या दिवशी
एवढं एकच तिने स्वतः पाना लावून काढलं होतं.
का, ते तिलाही सांगता येईना.

ब्रॅकेट तीनदा कापला.
पहिला चुकला,
दुसरा फार देखणा झाला, पण उलटा.
सायकलची चेन, सारख्या दात्यांची दोन चक्रं,
मधे पितळेची बारीक पिन :
काही अडलंच तर आधी तिने तुटावं, स्क्रूने नाही.
खांद्याच्या वेळी एवढं डोकं चाललं नव्हतं.

वेग दोनच. भुरभुरीचा आणि धो धोचा.
बटण दाबलं, तर टेबल निघालं की
सावकाश, कुरकुर न करता.
पोलादाचे निळसर कुरळे किस गळायला लागले
आणि मी नुसता उभा,
हातांना जागा सापडेना.

खोड एकच. बंद केली तरी लगेच थांबत नाही.
जराशी पुढे सरकते,
काचेच्या तळाशी आपली जागा गाठूनच निजते.
आता काच नाही, पाती नाहीत, तरी.
ती सवय एका पिवळ्या वायरीत असते.
मी पक्कड उचलली होती.

तेवढ्यात दारात ग्वेंडा, ॲप्रनमध्ये सहा अंडी.
मोटर चालत होती. ती ऐकत राहिली.
"क्वीन्सटाउनच्या घाटात," म्हणाली, "अगदी असाच आवाज.
समोर हातभर दिसायचं नाही
आणि हा बाबा गात असायचा, बेसूर."
मी बटण बंद केलं.
मोटर जराशी पुढे गेली.
"पोचली," ग्वेंडा म्हणाली.

पक्कड खिळ्याला अडकवली.
आता रेघेच्या दोन मिलिमीटर आधीच बटण सोडतो,
पुढचं ती बघते.

एकदा उशीर झाला, नको तिथे खाच पडली.
तो तुकडा शेडच्या दाराला अडसर म्हणून लावलाय.
सामुद्रधुनीवरून वारा सुटतो तेव्हा
बरा उपयोगी पडतो.